पडद्याचा वेग आणि डोळ्याची साक्ष

लखनौ आणि खेळ यांचे नाते जुने आहे. पतंग, बटेरांच्या झुंजी आणि बुद्धिबळ यांत रमलेल्या या शहराचे चित्र प्रेमचंदांनी १९२४ साली ‘शतरंज के खिलाडी’ या कथेत रेखाटले. १८५६ साली अवधचे राज्य इंग्रजांच्या घशात जात असता दोन सरदार पटावरून डोके वर काढीत नाहीत, अशी ती कथा. या शहरात एखादा मुलगा खेळात गढून गेलेला दिसला की वडीलधाऱ्यांना त्या सरदारांची आठवण व्हावी, यात नवल नाही. आता पट मात्र बदलला आहे. तो काचेचा असून त्याच्या आत उजेड आहे, आणि प्रतिस्पर्धी समोर न बसता शेकडो कोसांवर बसलेला असतो.

शहराच्या उत्तरेस, सीतापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्याला लागून जानकीपुरम नावाची विस्तीर्ण वसाहत आहे. १९५१ साली गोमतीकाठच्या छत्तर मंझिलमध्ये स्थापन झालेली केंद्रीय औषध संशोधन संस्था आता याच वसाहतीच्या विस्तारित भागात आहे. या परिसरातील एका मराठी घराचे चित्र श्रोत्यांनी डोळ्यांपुढे आणावे. घरमालकाचे आयुष्य औषधांच्या संशोधनात गेलेले. थोरली मुलगी अभियांत्रिकी शिकते. धाकटा मुलगा बारावी झालेला असून ‘व्हॅलोरंट’ नावाच्या स्पर्धात्मक खेळात तरबेज आहे. त्याचे मागणे एकच आहे: घरातील ६० हर्ट्झचा मॉनिटर काढून २४० हर्ट्झचा घ्यावा. असे घर एकच असेल असे नव्हे. आज ते पुण्यात, इंदुरात, बडोद्यातही सापडेल.

वडिलांनी प्रथम जो आक्षेप घेतला, तो कोणीही घेईल. चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे दाखवितात, दूरदर्शनवर २५. त्यात माणसे चालतात, घोडे दौडतात आणि कोणाला काही उणे वाटत नाही. मग या खेळाला २४० चित्रे कशासाठी?

आक्षेप रास्त आहे, परंतु त्यात एक गोष्ट निसटते. चित्रपटात कॅमेऱ्याने टिपलेल्या प्रत्येक चित्रात हालचालीची पुसटशी रेघ आधीच उतरलेली असते, आणि फिल्मच्या चित्रगृहात तेच चित्र झडपेच्या साहाय्याने दोनदा किंवा तीनदा दाखविले जात असे. शिवाय प्रेक्षकाला त्या घोड्याला लगाम घालावयाचा नसतो. खेळाडूला तो घालावयाचा असतो. त्याचा हात माऊसवर असतो, आणि हाताने केलेले डोळ्यास दिसेपर्यंत जो काळ जातो तो त्याला जाणवतो. तेव्हा पाहण्यासाठी पुरेसा असलेला वेग करण्यासाठी पुरेसा असेलच असे नाही.

आता थोडे गणित. ६० हर्ट्झ म्हणजे पडद्यावरील चित्र सेकंदात ६० वेळा नवे होणे. दोन चित्रांमधील अंतर १६.७ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या सुमारे सतरापट. १४४ हर्ट्झला ते अंतर ६.९ होते आणि २४० हर्ट्झला ४.२. पहिल्या पायरीत जवळजवळ दहा मिलिसेकंद वाचतात. दुसऱ्या पायरीत तीनसुद्धा वाचत नाहीत. आकडा चढत जातो तसा लाभ घटत जातो, हा या व्यवहारातील पहिला धडा.

दुसरी बाब डोळ्यांची. जुन्या काचनळीच्या पडद्यावर प्रत्येक बिंदू क्षणभर झळके आणि विझे. आजच्या सपाट पडद्यावर पुढचे चित्र येईपर्यंत आधीचे चित्र जागच्या जागी तळपत राहते. डोळा मात्र धावणाऱ्या आकृतीचा अखंड पाठलाग करीत असतो. चित्र स्थिर आणि डोळा चल, यामुळे आकृती पुसट होते. एखादी आकृती सेकंदाला हजार बिंदूंच्या वेगाने सरकत असेल, तर ६० हर्ट्झला तिची कड सुमारे सतरा बिंदूंवर पसरते, १४४ला सातांवर आणि २४०ला चारांवर. कोपऱ्याआडून डोकावलेले डोके सतरा बिंदू पुसट असणे आणि सात बिंदू पुसट असणे, यांत नेम धरणाऱ्याला फरक पडतो. लखनौच्या ‘पहले आप’ला या खेळात जागा नाही, ज्याला आधी नीट दिसले, त्याचे आधी साधते.

परंतु मॉनिटरच्या खोक्यावर छापलेला आकडा हा केवळ कमाल वेग असतो. संगणकाने सेकंदाला तितकी चित्रे सिद्ध केली नाहीत, तर पडद्याने दाखवावे काय? दर्शनी वेगाबरोबर प्रत्येक बिंदूला एक छटा सोडून दुसरी धारण करण्यास लागणारा काळही पाहावा लागतो. ‘१ मिलिसेकंद’ म्हणून जो आकडा जाहिरातीत झळकतो, तो बहुधा सर्वांत अनुकूल परिस्थितीतला असतो. काही पडद्यांवर काळसर छटांमधील बदल बराच मंद होतो आणि आकृतीमागे सावली ओढली जाते. तो बदल घाईने करविला तर रंग मर्यादा ओलांडून जातो आणि आकृतीमागे उलट उजळ कड उमटते. म्हणून हा वेग मध्यम ठेवून पाहणे शहाणपणाचे.

तिसरी बाब लयीची. ज्या लखनौत १९२६ साली पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नाने संगीत महाविद्यालय उभे राहिले, त्या शहरात हे सांगणे अवघड नाही. द्रुत वाजविणे सोपे, पण द्रुतात लय न डगमगणे कठीण. सरासरी २०० चित्रे देणारा संगणक मधूनच अडखळत असेल, तर नेमाने १४४ देणारा त्याहून बरा. चित्रे तयार होण्याचा वेग आणि पडद्याचा वेग यांचा मेळ बसला नाही, तर चित्र मध्येच फाटल्यासारखे दिसते. संगणकाच्या चालीने आपली चाल बदलणारे पडदे २०१३ नंतर बाजारात आले; ही सोय आता माफक किमतीच्या मॉनिटरांतही मिळते, आणि ती पाहून घ्यावी.

चौथी बाब घराबाहेरची. या खेळाचे मुंबईत सर्व्हर आहेत. लखनौहून मुंबई सरळ रेषेत सुमारे बाराशे किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, तेव्हा जाऊन येण्यासच किमान बारा मिलिसेकंद हवेत. तारेच्या वळणांमुळे आणि मधल्या टप्प्यांमुळे प्रत्यक्षात ते अधिकच होतात. तरुण माणसाला डोळ्याने पाहून बोट दाबण्यास जवळजवळ पाव सेकंद, म्हणजे २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. या हिशेबापुढे १४४ आणि २४० यांमधील तीन मिलिसेकंद लहान दिसतात. मात्र ते शून्य नव्हेत. तुल्यबळ अशा अव्वल खेळाडूंच्या सामन्यात लहान अंतरानेही निकाल फिरू शकतो, म्हणूनच मोठ्या स्पर्धांतून २४० आणि त्याहूनही वेगवान पडदे मांडलेले दिसतात.

हे सर्व ऐकून मुलगा म्हणाला, “बाबा, गणित राहू द्या. माझ्या डोळ्यांना दिसते ना!” आणि त्याने मित्राचा २४० हर्ट्झचा मॉनिटर आठ दिवसांसाठी मागून आणला. तीन दिवस तो अत्यंत खुशीत होता. चित्र लोण्यासारखे सरकते, नेम बसू लागला, असे त्याने जेवताना सांगितले. चौथ्या दिवशी बहिणीने सहज संगणकाची मांडणी उघडून पाहिली. पडदा ६० हर्ट्झवरच चालला होता. नवा मॉनिटर जोडला की संगणक पुष्कळदा जुन्या सवयीने ६०वरच राहतो. तो वेग मांडणीत जाऊन स्वतः निवडावा लागतो, आणि जोडणीची तारही तेवढा भार पेलणारी असावी लागते. ही चूक इतकी सामान्य आहे, की वेगवान पडदा विकत घेऊन महिनोन्‌महिने तो मंद चालविणारे लोक थोडे नसतील.

मुलाचा चेहरा पडला. ताईने हसू दाबले. वडील मात्र हसले नाहीत.

“यात लाज वाटण्यासारखे काही नाही,” ते म्हणाले. “आमच्या क्षेत्रात हे रोजचेच आहे. साखरेची गोळी औषध म्हणून दिली तरी कित्येकांना बरे वाटते. ते खोटे बोलत नसतात. त्यांना खरोखरच बरे वाटत असते. म्हणून तर कोणाला औषध दिले आणि कोणाला साखर, हे रोग्यालाही कळू देत नाहीत आणि विचारणाऱ्या डॉक्टरलाही.”

मग त्या रात्री घरात एक छोटीशी परीक्षा मांडली गेली. मुलगा आणि वडील खोलीबाहेर उभे राहत. आत ताई नाणे उडवी; छापा पडला तर पडदा ६०वर आणि काटा पडला तर १४४वर ठेवी, मांडणी बंद करी आणि दुसऱ्या दाराने निघून जाई. मुलगा येऊन अर्धा मिनिट माऊस फिरवी आणि आपला निर्णय सांगे. वडील तो लिहून घेत. आकडा त्यांनाही ठाऊक नसे. अशा वीस फेऱ्या झाल्या. मुलगा वीसही वेळा बरोबर ठरला. केवळ अंदाजाने असे घडण्याचा संभव दहा लाखांत एकाहूनही कमी. वडिलांनी कागद खाली ठेवला आणि म्हणाले, “फरक आहे. माझा आक्षेप मी मागे घेतो.”

दुसऱ्या रात्री १४४ आणि २४० यांची तुलना झाली. या वेळी वीसपैकी बारा निर्णय बरोबर आले. नुसते नाणे उडवूनही बारा किंवा अधिक वेळा बरोबर येण्याचा संभव चारांत एक असतो. पंधरा आले असते तर तो संभव शंभरात दोनावर उतरला असता. तेव्हा फरक मुळीच नाही असे यातून सिद्ध झाले नाही. तो या डोळ्यांना, या संगणकावर, वीस फेऱ्यांत ओळखता आला नाही, एवढेच सिद्ध झाले. परीक्षेने जितके सांगितले तितकेच ऐकावे, हाही तिचाच नियम आहे.

निर्णय मुलावरच सोपविण्यात आला. त्याने १४४ हर्ट्झचा पडदा निवडला. २४०चा पुरेपूर उपयोग व्हावयाचा तर ग्राफिक्स कार्डही बदलावे लागले असते. वाचलेल्या पैशांतील थोडे त्याने इंटरनेटची तार थेट खोलीपर्यंत आणण्यात घातले आणि उरलेले आईकडे परत दिले.

भारत सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये अशा खेळांना बहुविध क्रीडास्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली, २०२३ साली हांगचौच्या आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांवर पदके दिली गेली, आणि २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या खेळांपासून त्यांना वेगळे केले. त्यामुळे हे मागणे आता अनेक घरांत उठेल. त्याला सरसकट नकार देणारा बाप आणि जाहिरातीच्या आकड्यावर भाळणारा मुलगा, दोघांनाही जानकीपुरमच्या त्या दोन रात्रींचा उपयोग व्हावा. डोळा साक्षीदार म्हणून प्रामाणिक असतो. पण प्रामाणिक साक्षीदाराचीही उलटतपासणी घ्यावी लागते.

त्या घरात नवा पडदा येऊन आता काही आठवडे झाले आहेत. मुलगा पूर्वीइतकाच खेळतो. कधी जिंकतो, कधी हरतो. हरल्यावर मात्र तो पूर्वीसारखा पडद्याला बोल लावीत नाही. क्षणभर गप्प बसतो आणि आपले काय चुकले ते पाहण्यासाठी तोच डाव पुन्हा लावतो.