मर्यादा कोणती पाळावी?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत, कांचघर, जबलपूर येथे केलेले भाषण)



परप्रांतात आम्ही मूठभर. म्हणूनच मंडळाच्या अंकात काय छापावे, हा वाद आमच्या जिव्हारी लागतो. अशा वेळी र. धों. कर्वे यांचे स्मरण होते. 1927 पासून 1953 साली देह ठेवीपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालविले. वाचकांच्या लैंगिक शंकांस दिलेली उत्तरे अश्लील ठरवून 1934 साली त्यांच्यावर खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. तरी दंड झालाच. पुढे 1969 साली, ‘रंभा’च्या 1962 च्या दिवाळी अंकातील कथेबद्दल दोषी ठरलेल्या चंद्रकांत काकोडकरांना सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. सुटे उतारे नव्हेत, तर संपूर्ण कथा पाहून तो निर्णय झाला.

मग मर्यादा नाहीच काय? आहे. कोणाची अब्रू घेणारे, जातीवरून हिणविणारे लिखाण आम्ही परतच करावे. परंतु केवळ आम्हांस संकोच वाटतो म्हणून कोणाची लेखणी अडवू नये. न पटणारा लेख छापला, तर त्याचे उत्तरही छापता येते. संकोचापोटी तो परत केला, की लिहिणाराच मंडळात येईनासा होतो. आणि परमुलखात ती हानी सहजी भरून निघत नाही.