ज्याची त्याची मात्रा

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी. ए., तेही मराठी घेऊन. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. तेव्हा हे गृहस्थ बॅटरी चार्ज करण्याविषयी काय सांगणार, असं तुम्हाला वाटलं तर त्यात तुमची चूक नाही. पण ज्याचा हात पोळला आहे त्याला विस्तवाविषयी दोन शब्द बोलायचा हक्क असतो. तेवढ्याच हक्कानं मी आज तुमच्यासमोर आलो आहे.

माझ्या लहानपणी सेल ही मोलाची वस्तू होती. रमजानमध्ये सहरीसाठी अंधारात उठायचं, परसातल्या विहिरीवर जायचं, तर टॉर्च हवा. अब्बांच्या ट्रान्झिस्टरलाही सेल हवेत. सेल उतरले की अम्मी ते अंगणात उन्हात मांडून ठेवायची, पापड-कुरडयांच्या शेजारी. दोन उन्हं दाखवली की ते आणखी थोडे दिवस चालायचे. त्या सेलांनी कधी कुणाचं वाईट केलं नाही. फार तर पाझरायचे आणि टॉर्चची स्प्रिंग गंजवायचे. त्यामुळे सेल म्हणजे गरीब जीव, ही समजूत माझ्या मनात पक्की बसली. ती पन्नाशीनंतर मोडली.

आमच्या गावात वाचनालयाच्या ओसरीवर महिन्यातून एकदा कविकट्टा भरतो. गझल रंगात आली की वीज जाते, हा नेहमीचा अनुभव. म्हणून आम्ही वर्गणी काढून बॅटरीवर चालणारा स्पीकर घेतला. त्याच्या पोटात शिशाची, १२ व्होल्टची बॅटरी आहे. बिनतारी माइकमध्ये दोन पेन्सिल सेल लागतात, तेही पुन्हा पुन्हा चार्ज होणारे. माझा भाचा इंजिनीअरिंगला आहे. त्याला रिमोटवर उडणारी छोटी विमानं बनवायची हौस. तो म्हणाला, “मामू, प्रत्येकाला वेगळा चार्जर कशाला? हा एकच घेऊ. सगळ्या जातीच्या बॅटऱ्या यावर चार्ज होतात.”

पुस्तकाएवढी एक पेटी आली. वर छोटा पडदा, चार बटणं, पुढं वायरी. याला हॉबी चार्जर म्हणतात, असं त्यानं सांगितलं. मी म्हणालो, म्हणजे छंदी चार्जर! आपल्याकडे छंद म्हणजे हौस आणि छंद म्हणजे वृत्तही. तो हसला. मला वाटलं, मी विनोद केला. पुढं कळलं की मी नकळत खरं तेच बोललो होतो.

भाचा होस्टेलवर परत गेला. जाताना विमानाची बॅटरी आमच्याकडेच राहिली. पत्त्यांच्या जोडाएवढी, प्लॅस्टिकच्या पातळ वेष्टनातली, हाताला थोडी मऊ. पुढच्या रविवारी तो येणार होता. म्हटलं, पोराला ती भरून तयार ठेवावी. दुपारी मी स्पीकरची बॅटरी चार्ज केली होती. तीवर लिहिलं होतं १२ व्होल्ट. विमानाच्या बॅटरीवर लिहिलं होतं ११.१ व्होल्ट. मी मनाशी म्हणालो, उन्नीस-बीसचा फरक, काय बिघडतं? पडद्यावरचं काहीही न बदलता तीच बॅटरी जोडली, सुरू होण्याचं बटण दाबलं, चार्जर जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यावर ठेवला आणि असरच्या नमाजेला गेलो. मगरिब करूनच परतावं म्हणून चौकात गप्पा मारत थांबलो.

मगरिबनंतर फोन वाजला. पत्नीचा आवाज कापत होता. बाहेरच्या खोलीतून पिकलेल्या फळासारखा गोडसर, उग्र वास येत होता आणि ते पाकीट उशीसारखं फुगलं होतं. भिंतीपलीकडे माझ्या अम्मीची खाट. अम्मीला आधाराशिवाय उठता येत नाही. पत्नीनं शहाणपण केलं. त्या बॅटरीला हात न लावता मेन स्विच बंद केला, शेजारच्या बाईला हाक मारली आणि दोघींनी मिळून अम्मीला अंगणात आणलं. त्या उंबऱ्याबाहेर पडल्या आणि काही क्षणांतच आत फुस्स असा आवाज झाला, धूर झाला आणि ज्वाळा उठली. मी धापा टाकत पोचलो तोवर शेजाऱ्यांनी बाहेरून बादल्यांनी पाणी मारून आग विझवली होती. टेबल गेलं, दिवाळी अंक गेले. माझी पहिली कविता ज्यात छापून आली होती तो अंकही त्यात होता. पण त्याबद्दल मी घरात एक अक्षर बोललो नाही. अंगणात खुर्चीवर बसलेल्या अम्मीकडे पाहिल्यावर बोलायला तोंडच नव्हतं.

भाच्याला फोन केला. त्यानं पहिला प्रश्न विचारला, “नानी कशी आहे?” आणि दुसरा, “मामू, प्रोग्राम कुठला लावला होता?”

मंडळी, या दुसऱ्या प्रश्नात सगळं आलं. पुढच्या रविवारी त्यानं मला समोर बसवून जे शिकवलं, ते माझ्या भाषेत सांगतो.

बॅटऱ्यांच्या जाती निरनिराळ्या आहेत. शिशाची बॅटरी सगळ्यांत वडील. १८५९ साली फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यांनी ती केली. निकेल-कॅडमियमची १८९९ सालची, स्वीडनच्या युंगनर यांची. आज पेन्सिल सेलमध्ये बहुधा तिची धाकटी बहीण असते, निकेल मेटल हायड्राइड. लिथियम-आयन बाजारात आली १९९१ साली, आणि ती घडवणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. विमानातली लायपो ही त्याच लिथियम घराण्यातली.

या प्रत्येकीची मात्रा वेगळी. शिशाच्या एका कप्प्याचे २ व्होल्ट. १२ व्होल्टच्या बॅटरीत असे सहा कप्पे असतात आणि चार्ज करताना ती साधारण १४.४ व्होल्टपर्यंत नेतात. निकेलचा सेल १.२ व्होल्टचा. लायपोचा सेल ३.७ चा, आणि पूर्ण भरला की ४.२. त्यापुढं अजिबात नाही. लिथियममध्येच लोह-फॉस्फेटची आणखी एक जात आहे. ती ३.२ व्होल्टची आणि साधारण ३.६ ला भरते. म्हणजे लिथियम-लिथियम सारखं म्हणूनही चालत नाही.

आता माझा हिशेब बघा. विमानाच्या बॅटरीत तीन सेल. तीन गुणिले ४.२ म्हणजे १२.६ ला ती तुडुंब भरते. मी तिला शिशाच्या प्रोग्रामवर बसवली. चार्जर बिचारा आज्ञाधारक. तो तिला १४.४ कडे ढकलत राहिला, म्हणजे एकेका सेलला ४.८ कडे. समोर कोण बसलं आहे हे त्याला दिसत नाही. आपण सांगू ते नाव खरं धरून तो चालतो. मात्रा चुकली की कविता पडते, एवढंच मला आजवर ठाऊक होतं. औषधाची मात्रा चुकली तर माणूस जातो, हे विसरलो होतो. आपल्या भाषेनं दोन्हीला एकच शब्द उगाच दिलेला नाही.

चार्जर भरणं थांबवतो कसा, हेही जातीजातीवर अवलंबून आहे. निकेलचा सेल पूर्ण भरला की त्याचा व्होल्टेज चढता चढता किंचित खाली येतो. ती बारीकशी उतरण चार्जर टिपतो आणि थांबतो. मात्र करंट फार कमी ठेवला तर ती उतरण दिसतच नाही, आणि सेल तापत राहतो. म्हणून २००० मिलिअँपियर-तासांच्या सेलला साधारण १ अँपियर ठेवावा. लिथियममध्ये अशी उतरणच नसते. तिथं आधी ठरलेला करंट, मग ठरलेल्या व्होल्टेजवर धरून ठेवायचं; करंट आपोआप कमी होत जातो आणि अगदी थोडा उरला की काम संपतं. आता लायपोला कुणी निकेलच्या प्रोग्रामवर लावलं, तर चार्जर कधीच न येणाऱ्या उतरणीची वाट पाहत बसेल. पुढं काय होतं, ते माझ्या टेबलाला विचारा.

करंट किती ठेवायचा, याचा सोपा नियम आहे. बॅटरीवर २२०० मिलिअँपियर-तास लिहिलं असेल तर २.२ अँपियर, म्हणजे तिच्या क्षमतेएवढा. याला १ सी म्हणतात. लायपोला एवढा पुरे. घाई नसेल तर त्याहून कमी. शिशाच्या बॅटरीला क्षमतेच्या दहाव्या हिश्शाएवढा: ७ अँपियर-तासांची असेल तर ०.७ अँपियर.

विमानाच्या बॅटरीला दोन जाड वायरींखेरीज बारीक वायरींचा एक पांढरा प्लग असतो. तो मी त्या दिवशी लोंबकळत ठेवला होता. त्याला बॅलन्स प्लग म्हणतात. त्यातून चार्जर प्रत्येक सेलचा व्होल्टेज वेगळा पाहतो आणि तिघांना एका पातळीवर आणतो. नाहीतर बेरीज बरोबर दिसते आणि आत एक सेल उपाशी, एक ओसंडलेला असतो. एकत्र कुटुंबात राहिलेल्यांना हे अधिक समजावून सांगायला नको.

आता काळजी. वायरी जोडताना आधी चार्जरच्या बाजूला, मग बॅटरीला, काढताना उलट. नाहीतर मोकळी टोकं एकमेकांना चिकटून ठिणगी पडते. लाल लालला, काळी काळीला. चार्जर लादीवर किंवा फरशीच्या तुकड्यावर ठेवावा; कागद, पडदे, गादी यांपासून दूर. उशाशी नको आणि घराबाहेर जायच्या वाटेवरही नको. आपण जागे आणि जवळ असू तेव्हाच चार्ज करावं. मी नमाजेला गेलो हे चुकलं नाही. चार्जर चालू ठेवून गेलो, हे चुकलं. वापरून गरम झालेली बॅटरी निवू द्यावी, मग जोडावी. फुगलेली, चेपलेली, भोक पडलेली लिथियम बॅटरी पुन्हा चार्ज करायचीच नाही. फुगा टोचून बघायचा मोह तर मुळीच नको.

लायपो ठेवून द्यायची तर पूर्ण भरूनही नाही आणि रिकामी करूनही नाही, सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास. चार्जरवर त्यासाठी वेगळा पर्याय असतो. शिशाच्या बॅटरीचं मात्र उलट: ती भरूनच ठेवावी, उतरलेली पडून राहिली तर निकामी होते. पाणी घालावं लागणारी बॅटरी भरताना हायड्रोजन वायू सुटतो, तेव्हा खिडक्या उघड्या ठेवाव्यात. आणि टॉर्चचे साधे सेल, जे पुन्हा चार्ज होत नाहीत, ते या चार्जरला कधीच लावू नयेत.

आणि आग लागलीच तर? आधी माणसं बाहेर. धूर विषारी असतो, त्यात थांबू नये. जाता जाता हाताशी असेल तर मेन स्विच बंद करावा. लिथियम बॅटरीवर पाणी टाकू नये असं पुष्कळांना वाटतं. पण वीज तोडल्यावर लांबून भरपूर पाणी मारलं तर बॅटरी थंड होते आणि आग पसरत नाही. विझल्यासारखी दिसली तरी ती पुन्हा पेटू शकते, म्हणून लगेच घरात उचलून आणू नये. अग्निशमन दलाला कळवायला संकोच करू नये.

मेलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका. गाडीत दाबली गेली की तिथं आग लागते आणि ती सफाई कामगाराच्या अंगावर येते. टोकांना चिकटपट्टी लावून जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्याकडे द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ही जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्यांवरही टाकली आहे.

तुम्ही म्हणाल, आमच्या घरी असला चार्जर नाही. नसेल. पण मोबाइल आहे, इमर्जन्सी लाइट आहे, कुणाची बॅटरीवरची स्कूटर आहे. नियम तोच. ज्याचा चार्जर त्याला. पिन बसते म्हणून चार्जर चालतो, असं नसतं.

चार्जर मी फेकला नाही. दोष त्याचा नव्हता. आता तो मागच्या पडवीत फरशीवर असतो. प्रत्येक बॅटरीवर मी मोठ्या अक्षरांत तिची जात, सेलची संख्या आणि करंट लिहून ठेवला आहे. बटण दाबण्यापूर्वी पडद्यावरचं आणि बॅटरीवरचं मोठ्यानं वाचून ताडून बघतो, वृत्त तपासावं तसं.

अम्मीला यातलं काही कळत नाही. पण वाचण्याचा आवाज आला नाही, तर ती आतून विचारते, “नाव वाचलंस का रे?”

मी पुन्हा वाचतो.