मुकें चित्र आणि निनांवी दुःख



रॉन फ्रिक या अमेरिकन दिग्दर्शकाचा ‘संसार’ हा अनुबोधपट २०११ सालीं पडद्यावर आला. २५ देशांत, जवळजवळ ५ वर्षें हिंडून त्याचें चित्रण झालें. त्यांत संगीत आहे. परंतु संवाद नाहीं, निवेदन नाहीं, दृश्यावर स्थळाचें नांवही उमटत नाहीं. प्रेक्षकानें स्वतःच चिंतन करावें, हा हेतु. लडाखांतील ठिकसे मठांत भिक्षू रंगीत वाळूचें मंडल रचतात आणि शेवटीं आपल्याच हातांनीं तें मोडतात, हें पाहून कोणाचेंही चित्त निवावें. मग असा चित्रपट पाहून उठतांना मनांत तृप्तीऐवजीं खंत कां उरावी?

त्याच पटांत जावा बेटावरील इजेन ज्वालामुखींतून गंधक वाहून आणणारे मजूर दिसतात. भोंवतीं विषारी धूर, खांद्यावर ७० किलोंहूनही जड ओझें. कॅमेरा त्यांचे चेहरे न्याहाळतो आणि पुढें जातो. हे मजूर कोण, त्यांस मिळतें काय, तें गंधक जातें कोठें, यांचें उत्तर नाहीं. वास्तविक तेथील गंधक साखर पांढरी करण्याच्या कामीं येतें. आणि गंधकाच्या धुरीनें उसाचा रस निवळण्याची रीत महाराष्ट्रांतील साखर कारखान्यांतही रूढ आहे. एवढें एक वाक्य कानीं पडलें असतें, तर जळगांवच्या प्रेक्षकास आपल्या हातांतील चहाच्या पेल्याचा विचार करावा लागला असता. शब्द गाळला आणि नातें तुटलें. उरली ती नुसती हळहळ. आणि हळहळणारास पुढें कांहींच करावें लागत नाहीं.

कोणी म्हणेल, अजिंठ्याच्या भिंती तरी कोठें बोलतात? जळगांवाहून सुमारें ६० किलोमीटरांवरील त्या लेण्यांतच याचें उत्तर आहे. सोळाव्या लेण्यांत मान टाकलेल्या एका स्त्रीचें चित्र आहे. एकोणिसाव्या शतकांतील पाहणारांस कथा ठाऊक नव्हती. त्यांनीं तिला ‘मरणोन्मुख राजकन्या’ ठरविलें. पुढें कथा जाणणाऱ्या अभ्यासकांनीं ओळखलें, कीं ही बुद्धाच्या सावत्र भावाची, नंदाची पत्नी सुंदरी. पति भिक्षु झाला, याची खूण म्हणून त्याचा मुकुट तिच्यापुढें आला आहे. चित्र तेंच, परंतु शब्द मिळतांच मृत्यूची वेदना विरहाची झाली.

इतिहासाचार्य राजवाडे यांचा देह १९२६ सालीं धुळ्यांत पडला. ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ खंडामागून खंड प्रसिद्ध करतांना कागद कोणाचा, कोणास, कोणत्या सालचा, हें ठरविण्यासाठीं त्यांनीं अपार कष्ट घेतले. जीर्ण कागदासाठीं जी दक्षता एका माणसानें बाळगली, ती पडद्यावरील जिवंत माणसासाठीं नको काय? फुलाचें नांव ठाऊक नसलें तरी त्याचा सुगंध येतो; दुःखास मात्र नांव, गांव आणि कारण सांगितल्यावांचून त्याची दाद लागत नाहीं.