शोधाचा गोषवारा

(मंडळाच्या पवई येथील विद्यार्थी-गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



विज्ञान-प्रकल्पाचा गोषवारा कसा लिहावा, या विषयावर मी चार शब्द बोलावेत अशी चालकांची आज्ञा आहे. विषय प्रथमदर्शनी रुक्ष वाटेल; परंतु पवईत तो अस्थानी नाही. १९५८ साली येथे तंत्रविद्येची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि १० मार्च १९५९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिची कोनशिला बसली. पुढे १९९३ पासून राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेने १० ते १७ वर्षांच्या मुलांनाही आपल्या परिसरातील प्रश्नावर शोध करून तो आपल्या भाषेत मांडण्याची वाट मोकळी करून दिली. या वाटेवरचा पहिला उंबरठा म्हणजे गोषवारा होय. परीक्षक पुष्कळदा प्रथम तोच वाचतात. वर्षभराचे श्रम त्या दोन-अडीचशे शब्दांत नीट उतरले नाहीत, तर चांगले कामही दाराबाहेरच राहते.

गोषवारा हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि दप्तरात रुजला. वर्षभराच्या जमाखर्चाचे सार एका पानावर आणणे म्हणजे गोषवारा. त्याची कसोटी एकच : त्यातील प्रत्येक आकडा मूळ वहीशी जुळला पाहिजे. वहीत नाही ते गोषवाऱ्यात येता कामा नये. विज्ञानाच्या गोषवाऱ्यालाही हाच नियम लागू आहे.

आपल्या समोरच्याच तलावाचे उदाहरण घेऊ. १८९० च्या सुमारास मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधलेल्या या तलावाची साठवण सुमारे ५४५ कोटी लिटर आहे. परंतु त्याचे पाणी आज पिण्याजोगे राहिलेले नाही आणि जलपर्णीने त्याला वरचेवर वेढले आहे. समजा, दोन विद्यार्थ्यांच्या मनात आले, की जलपर्णीमुळे पाणी अधिक वेगाने आटते काय? तलावात मगरी आहेत. तेव्हा त्यांनी काठाशी न जाता गच्चीवर दोन सारख्या बादल्या भरल्या, एकीत जलपर्णी ठेवली, दुसरी तशीच ठेवली आणि रोज सकाळी पाण्याची पातळी मोजली.

आता एक गोषवारा असा होईल : “जल हेच जीवन आहे. आज पर्यावरणाचा ऱ्हास होत आहे. आमच्या प्रकल्पाने जलपर्णीचे भीषण संकट सिद्ध केले आहे.” यात शब्द पुष्कळ आहेत, शोध मात्र कोठेच नाही.

दुसरा असा : “जलपर्णीमुळे पाणी अधिक आटते काय, हे पाहण्यासाठी आम्ही दोन सारख्या बादल्यांतील पातळी १५ दिवस मोजली. पावसाच्या ३ दिवसांच्या नोंदी वगळल्या. उरलेल्या १२ दिवसांत उघड्या बादलीतील पाणी ६ सेंटिमीटर, तर जलपर्णीच्या बादलीतील ९ सेंटिमीटर उतरले. प्रयोग एकदाच केला असल्याने आणि बादली म्हणजे तलाव नव्हे म्हणून, हा निष्कर्ष तलावाला लागू करण्यापूर्वी अधिक मोजमाप हवे.” आकडे मी नमुन्यादाखल घेतले आहेत, परंतु प्रश्न, रीत, फल आणि मर्यादा ही चारही अंगे येथे क्रमाने आली आहेत. प्रयोग न पाहिलेल्या माणसालाही काय केले आणि काय आढळले, हे कळते.

मित्रहो, गोषवारा आरंभी छापला जात असला तरी तो लिहावा शेवटी. नोंदवही पूर्ण झाल्याखेरीज लेखणी उचलू नका. फल अपेक्षेविरुद्ध आले तरी तेच लिहा. ‘फरक आढळला नाही’ हेही एक उत्तरच आहे. वगळलेल्या तीन दिवसांचा उल्लेख कमीपणाचा नसून, तोच तुमच्या प्रामाणिकपणाचा दाखला आहे.

आता पालकांना एक विनंती. पारितोषिकाच्या ओढीने घरोघरी वडीलधारी मंडळीच गोषवारा लिहून देतात. अलीकडे तर यंत्रही क्षणार्धात सफाईदार भाषा पुरविते. परंतु परीक्षकाने “पावसाचे दिवस का वगळले?” असे विचारताच मूल गोंधळते आणि त्याचा खरा शोधही संशयास्पद ठरतो. आपण मुलाला प्रश्न विचारावेत, “हे कशावरून म्हणतोस?” असे हटकावे, शुद्धलेखन पाहावे, वाक्य मात्र त्याचे असू द्यावे. आपल्या आजोबा-पणजोबांनी एकेक पुस्तक जपून मुलांना शिकविले, ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे आणि स्वतःच्या तोंडाने सांगावे म्हणूनच.

आपल्या ज्ञातीतील मुलांच्या हातून असे वहीशी जुळणारे गोषवारे लिहिले जावोत, अशी माझी इच्छा आहे.