राखलेला उजेड

(मंगळवेढा येथील कुटुंब मेळाव्यात केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



दामाजीपंतांच्या गावात बोलायला उभे राहिले की प्रथम आठवते ते कोठार. दुष्काळाने गांजलेल्या माणसांसाठी त्यांनी सरकारी धान्याची कोठारे खुली केली, ही कथा आपण सर्वांनी लहानपणीच ऐकलेली आहे. त्या कथेतील औदार्याचे आपण गुणगान करतो, पण एक साधी गोष्ट सहसा बोलत नाही. कोठार उघडता आले, कारण आत धान्य राखलेले होते. माझा आजचा विषय घरातील दिव्याचा आहे, परंतु त्याचेही नाते या राखण्याशीच आहे.

2005 नंतरची वर्षे आठवून पाहा. ग्रामीण महाराष्ट्रात बारा-बारा तास भारनियमन असे. मुलांचा अभ्यास कंदिलाजवळ चाले आणि वीज आली की घराघरातून एकच आनंदाचा आवाज उठे. त्या दिवसांतही आपल्या घरी जळत होता तो साठ वॅटचा पिवळा बल्ब. त्याचे काम कसे चालते? आतली बारीक तार तापून लाल-पिवळी होते आणि तापल्यामुळे उजळते. दिलेल्या विजेतील जेमतेम पाच टक्के भागाचा उजेड होतो. उरलेली वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. दुर्मीळ झालेली वीज आपण अशी हवा तापविण्यात घालवीत होतो.

पुढे 2009 साली केंद्र सरकारने 'बचत लॅम्प योजना' आणली आणि जुना बल्ब दिल्यास पंधरा रुपयांत सीएफएल मिळण्याची सोय झाली. त्याने वीज वाचली; मात्र त्या दिव्यात थोडा पारा असे आणि फुटल्यावर त्याचे काय करावे, हा प्रश्न उरे. एलईडीने तो प्रश्न मिटविला. तांबडा आणि हिरवा एलईडी पूर्वीच सिद्ध झाला होता; अडले होते ते निळ्यावाचून. तेजस्वी निळ्या प्रकाशाच्या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघा जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांना 2014 चे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या एलईडीवर विशिष्ट पावडरचा लेप दिला की पांढरा उजेड मिळतो. तोच आज आपल्या स्वयंपाकघरात आहे.

हा दिवा सामान्य माणसाच्या हाती कसा आला, हेही समजून घेण्यासारखे आहे. जानेवारी 2015 मध्ये 'उजाला' योजनेला प्रारंभ झाला. सरकारी कंपनीने सर्व देशाची मागणी एकत्र करून निविदा काढल्या. 2014 मध्ये जो बल्ब 310 रुपयांना खरेदी करावा लागत होता, तो 2016 मध्ये 38 रुपयांवर आला. या योजनेतून देशभरात 36 कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. एकट्याने दुकानात घासाघीस करून जे साधले नसते, ते समाजाने एकत्र येऊन साधले.

आता आपल्या घरचा हिशेब करू. साठ वॅटचे चार बल्ब रोज पाच तास लावले, तर महिन्याला 36 युनिट वीज लागते. तेवढाच उजेड देणारे नऊ वॅटचे चार एलईडी साडेपाच युनिटही घेत नाहीत. म्हणजे महिन्याला तीस युनिट वाचले. पण मंगळवेढेकरांना मी हा हिशेब पाण्यात सांगणार आहे. आपल्या जिल्ह्यात 1320 मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र आहे आणि त्याला उजनीचे पाणी लागते. कोळशावर एक युनिट वीज तयार करण्यास साधारण तीन लिटर पाणी खर्ची पडते. तीस युनिट म्हणजे नव्वद लिटर, सहा घागरी पाणी! वर्षाचा विचार केला तर नऊ-दहा घरांची बचत दहा हजार लिटरच्या टँकरएवढी होते. तुमच्या बल्बमधून वाचलेले पाणी थेट तुमच्या रानात येईल, असे मी म्हणत नाही. परंतु ज्या तालुक्याच्या दक्षिण भागाने उजनीच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहिली, त्याला या घागरींचे मोल वेगळे सांगायला नको.

येथे मला एक कबुलीही द्यायची आहे. आमच्या घरी सर्व दिवे बदलले, तेव्हा मी मोठ्या उत्साहाने पुढच्या बिलाची वाट पाहिली. बिल फारसे उतरले नाही. शोध घेतला तेव्हा कळले, की 'आता वीज लागतेच किती' म्हणून देवघरात एक माळ, अंगणात दोन दिवे, जिन्यात एक, छतातही चार असे दिवे वाढले होते आणि ते रात्रभर जळत होते. वस्तू बदलली, पण सवय सैल झाली. आपल्या आजीच्या काळी तेलाचा थेंब मोजला जाई आणि काम झाले की दिवा मालवला जाई. ती केवळ गरिबी नव्हती, तो संस्कार होता.

म्हणून तीन गोष्टी सुचवितो. पहिली : जो दिवा सर्वांत अधिक वेळ जळतो, तो आधी बदला, स्वयंपाकघर, गोठा, जिना. दुसरी : रस्त्यावरचा निनावी बल्ब घेऊ नका. ऊर्जा बचतीचे तारांकन आणि लेखी हमी पाहा. वॅटबरोबर ल्युमेनही वाचा, कारण उजेड ल्युमेनमध्ये मोजतात. साठच्या बल्बला साधारण आठशे ल्युमेनचा पर्याय पुरतो. तिसरी : दिवे बदलून थांबू नका. पंचाहत्तर वॅटचा जुना पंखा दिवसभर फिरतो. तीस-पस्तीस वॅटचा नवा पंखा त्याहून कितीतरी कमी वीज घेतो.

आषाढी अमावास्या ही आपली दीपपूजनाची अमावास्या. अलीकडे तिला भलतेच नाव चिकटले आहे, ते सोडून द्या. त्या दिवशी समया-निरांजने उजळतात. यंदा त्यांच्यासोबत घरातले सगळे दिवेही पुसा, कारण धुळीने उजेड मंदावतो. आणि घरातल्या धाकट्याला एक काम द्या : रिकाम्या खोलीतला दिवा मालवण्याचे. कोठार राखायला तो तिथूनच शिकेल.