चिरीमिरी



मी काही विद्वान नाही. चौथीपर्यंत शाळा, मग साचा. तरी आज एका नाटकाची गोष्ट सांगणार आहे. गोगोल नावाच्या रशियन लेखकाचे हे नाटक 1836 साली सेंट पीटर्सबर्गला रंगभूमीवर आले. झारबादशहा स्वतः बघायला होता. आपल्या पु. ल. देशपांड्यांनी त्याच्यावरून ‘अंमलदार’ केले.

गाव लहान. राजधानीतून तपासनीस गुपचूप येतोय अशी खबर लागते. मग काय पळापळ! नगरप्रमुख लाचखाऊ. न्यायाधीश म्हणतो, मी पैसे कुठे घेतो, शिकारी कुत्र्याची पिल्ले घेतो! पोस्टमास्तर लोकांची पत्रे फोडून वाचतो. चर्चसाठी पाच वर्षांमागे पैसे मंजूर झाले, वीट रचलेली नाही. तर हुकूम सुटतो, की कोणी विचारले तर सांगा, बांधायला घेतले होते पण जळाले. एखादा बावळट चुकून खरे बोलेल हीच धास्ती! आणि खाणावळीची उधारी थकलेला एक रिकामटेकडा पोरगा ह्यांना तपासनीस वाटतो.

इथवर आपण हसतो. मग त्या पोरापुढे व्यापारी येतात. नगरप्रमुख आम्हाला नागवतो म्हणून रडतात. बरोबर साखर, दारू, वर रोकड. म्हणजे लाचेची तक्रार, तीही लाच देऊन! अन् ह्यांच्यातल्याच एकाने पुलाला शंभर रुबलांचे लाकूड नसता वीस हजारांचे दाखवले, तेव्हा हाच नगरप्रमुख त्याच्या पाठीशी होता.

त्या व्यापाऱ्यांची मला फार चीड आली. आता माझे ऐका.

वडील गेल्यावर वारसनोंदीसाठी गावी गेलो. चार खेटे झाले, रजा संपत आली. मी पाचशेची नोट कागदाखाली सरकवली. समोरच्याने मागितली नव्हती हो! माझ्या आधीपासून एक म्हातारी तिथे बसली होती. माझे काम झाले, तिला ‘उद्या या’ म्हणाले. तिने नुसते माझ्याकडे पाहिले. आणि मी एस्टीत बसून शेजाऱ्याला सांगतोय, सगळे खातं कसं सडलंय बघा!

चौकशी केली. तिची नोंद अजून झालेली नाही. तिचा अर्ज मी लिहून ठेवला आहे. येत्या सोमवारी तिला घेऊन कचेरीत जाणार आहे. पोच घेतल्याशिवाय उठायचे नाही. ज्यांची पाळी नसेल त्यांनी बरोबर यावे. पहिली गाडी सहाची आहे.