गुहेच्या तोंडाशी



बायबलातील एका उताऱ्यावर बोला, असे मंडळाने सांगितले तेव्हा मी प्रथम संकोचले. हा विषय आपल्या बैठकीत परका वाटेल, अशी भीती होती. मग ध्यानात आले की, ज्या एलीया संदेष्ट्याची ही कथा, तो आपल्या रायगड जिल्ह्याला मुळीच परका नाही. अलिबाग तालुक्यात खंडाळे येथे एक कातळ आहे. एलीया अग्निरथातून स्वर्गाला जाताना येथे टेकला आणि रथाच्या खुणा या दगडावर उमटल्या, असे आपले बेने इस्राएल बांधव पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. हे लोक कोकणात तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. पनवेलीतले त्यांचे बेथ एल सिनेगॉग १८४९ सालचे. १९४८ नंतर त्यांच्यातील पुष्कळ कुटुंबे इस्राएलला गेली, तरी नवस फेडायचा किंवा घरात मंगलकार्य असले की एलीयाच्या नावाने मलिद्याचे ताट अजून मांडले जाते. गोड केलेले पोहे, ओले खोबरे, फळे. ताट सजवणाऱ्या अर्थातच बायका.

आपल्या द्रोणागिरीच्या डोंगराशीही हनुमंताची गोष्ट जोडलेली आहेच. माणसाला देवाची खूण दगडावर पाहायला आवडते. आणि गंमत अशी की, ज्याच्या रथाची खूण आपण कातळावर शोधतो, त्या एलीयाला स्वतःला देव भेटला तो कोणतीही खूण न ठेवता!

ही हकीकत पहिल्या राजांच्या पुस्तकात, एकोणिसाव्या अध्यायात आहे. त्याआधी कर्मेल डोंगरावर एलीयाने बालदेवाच्या साडेचारशे पुजाऱ्यांशी पैज लावली, आकाशातून अग्नी उतरला, रक्तपातही झाला. ईजबेल राणीने त्याला ठार मारण्याची शपथ घेतली. इतका मोठा विजय मिळवलेला हा पुरुष जीव घेऊन पळाला, रानात एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला, देवा, पुरे झाले, मला मरण दे.

येथे थोडे थांबू या. देवाने त्याला काय उत्तर दिले? काहीच नाही. त्याला झोपू दिले. मग देवदूताने हलवून उठवले, तर उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा तांब्या! तो जेवला आणि पुन्हा झोपला. पुन्हा उठवले, पुन्हा जेवू घातले. दमलेल्या माणसाला उपदेश करू नये, हे या उताऱ्याला ठाऊक आहे. आपण मात्र शोकात बसलेल्या शेजारणीकडे जातो आणि पहिल्या पाच मिनिटांत तिला गीता सांगतो. पिठले-भाताचा डबा नेणारी बाई माझ्या मते अधिक शहाणी.

त्या अन्नाच्या बळावर तो चाळीस दिवस चालून होरेब डोंगरावर गेला आणि गुहेत राहिला. तेथे खडक फोडणारा वारा सुटला, त्यात परमेश्वर नव्हता. भूकंप झाला, त्यातही नव्हता. अग्नी आला, कर्मेलवर ज्याने त्याचा विजय केला तोच अग्नी, आणि त्यातही परमेश्वर नव्हता. त्यानंतर जे आले त्याला मूळ हिब्रूत तीनच शब्द आहेत. 'कोल' म्हणजे आवाज, 'दमामा' म्हणजे निःशब्दता, आणि 'दक्का' म्हणजे बारीक. पुष्कळ भाषांतरांत याची 'मंद वाणी' होते. ते चूक नाही, पण मुळातले शब्द अधिक अवघड आहेत. ही हळू बोललेली वाणी की निःशब्दतेचाच आवाज? 'दक्का' हा शब्द देवळात जाळायच्या बारीक कुटलेल्या धूपालाही वापरला आहे. वस्त्रगाळ पीठ ज्यांनी हाताने चाळले आहे, त्यांना ही बारीक शांतता मी समजावून सांगायला नको.

आता मला जे मुख्यतः सांगायचे आहे ते हे. 'देव मौनात भेटतो' असे वाक्य बायकांच्या कानी पडले की त्याचा अर्थ 'तुम्ही गप्प बसा' असा लावला जातो. सासरी सोसणारीला आपण 'फार शांत हो' असे प्रशस्तिपत्र देतो. या कथेत तसे नाही. देव एलीयाला विचारतो, तू येथे काय करीत आहेस? एलीया गाऱ्हाणे मांडतो की, मी एकटाच उरलो आणि ते माझाही जीव घ्यायला टपले आहेत. वारा, भूकंप, अग्नी होऊन जातो, ती शांतता येते, तो तोंड झग्याने झाकून गुहेच्या तोंडाशी उभा राहतो, आणि पुन्हा तोच प्रश्न. एलीया पुन्हा तेच गाऱ्हाणे सांगतो, अक्षरशः त्याच शब्दांत! देव त्याला गप्प करीत नाही, मघाशीच सांगितलेस असेही म्हणत नाही. मौन तेथे ऐकणाऱ्याचे आहे. सांगणाऱ्याने बोलायचे आहे.

१९८९ साली बंदर सुरू झाल्यापासून आपल्या बाजूला कंटेनरच्या गाड्यांचा आवाज काही थांबलेला नाही. शांतता मिळाली तर देव भेटेल, असे म्हणून कोठे गुहा शोधायला जाणार? पण दुसरीचे गाऱ्हाणे दुसऱ्यांदा, मध्ये न तोडता ऐकून घेणे, हे याच खोलीत, पंखा घरघरत असतानाही जमते. गेल्या वर्षी या मंडळात एका भगिनीने तीन बैठकांना तीच गोष्ट सांगितली आणि तिसऱ्या वेळी मीच घड्याळाकडे पाहिले होते. हा उतारा वाचताना मला ते आठवले.

एलीयाला तेथे राहू दिले नाही, हेही सांगितले पाहिजे. आलास त्या वाटेने परत जा, अशी आज्ञा झाली. आणि तू एकटा नाहीस, बालापुढे गुडघे न टेकलेले सात हजार अजून आहेत, असेही कळले. परत फिरल्यावर त्याला अलीशा भेटला. बारा जोड्या बैलांनी नांगरट चालली होती आणि बाराव्या जोडीवर तो स्वतः होता. एलीया त्याच्यापाशी गेला आणि काही न बोलता, गुहेच्या तोंडाशी ज्याने स्वतःचे तोंड झाकले होते तो झगा त्याने अलीशाच्या अंगावर टाकला.